शब्दचर्चा : स्क्रिप्ट आणि प्रोग्राम

प्रश्न : 'स्क्रिप्टिंग लँग्वेज' आणि 'प्रोग्रामिंग लँग्वेज' यांत नेमका फरक काय? एके ठिकाणी 'लिपी भाषा' असं भाषांतर दिसलं. नवशिक्यांसाठी लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

— 'लिपी भाषा' मुळीच नको. लिपी म्हणजे देवनागरी, मोडी. ही स्क्रिप्ट नाटकातली : कोणी केव्हा यायचं, काय बोलायचं ते तिच्यात लिहिलेलं, काम मात्र नट करतात. शेल स्क्रिप्टचंही तेच (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम). फायली शोधणं, क्रमवारी लावणं ही कामं आधीपासून असलेले प्रोग्राम करतात. स्क्रिप्ट त्यांना पाळीपाळीने हाक मारते. १९९५ साली आलेली जावास्क्रिप्ट ब्राउझरकडून अशीच कामं करवून घेते. 'संहिता'ही टाळावं, कारण 'कोड'साठी तो शब्द आधीच अडकलाय. सरळ 'स्क्रिप्ट' म्हणा, स्त्रीलिंगी : स्क्रिप्ट लिहिली, चालवली.

— म्हणजे एक भाषा कंपाइल होते, म्हणजे चालवण्याआधीच अख्खी भाषांतरित होते, आणि दुसरी ओळीओळीने वाचली जाते, असंच ना?

— ही व्याख्या सर्रास शिकवतात, पण ती टिकत नाही. पायथन या भाषेच्या फाइलमध्ये नऊ ओळी प्रिंटच्या लिहा आणि दहाव्या ओळीत कंस उघडा ठेवा. पहिली ओळसुद्धा छापली जाणार नाही, कारण पायथन आधी अख्खी फाइल वाचून तिचा बाइटकोड, म्हणजे चालवण्याजोगं मधलं रूप, करतो. आता बॅश या शेलमध्ये नऊ आज्ञा लिहून दहावीत अवतरणचिन्ह बंद करू नका. नऊच्या नऊ आज्ञा चालतात, मग चूक दिसते. त्या नवांत फायली पुसणारी आज्ञा असेल तर फायली गेलेल्या असतात! म्हणून बॅशची स्क्रिप्ट आधी 'उणे एन' (-n) हा पर्याय देऊन तपासावी. त्यात आज्ञा चालत नाहीत, फक्त व्याकरण तपासलं जातं.

— 'इंटरप्रिटेड', म्हणजे ओळीओळीने वाचली जाणारी, यासाठी 'दुभाषी भाषा' चालेल?

— नाही, वाचणाऱ्याला ते 'द्विभाषी' वाटेल. 'इंटरप्रिटर' आणि 'कंपायलर' हेच शब्द रुळलेत. शिवाय ते गुण भाषेचे नाहीत, ती राबवणाऱ्या साधनाचे आहेत. सी++साठीसुद्धा इंटरप्रिटर आहे.

— मग पायथन कशात धरायचा?

— दोन्हींत. पन्नास फोटोंची नावं बदलणारी वीस ओळींची फाइल ही स्क्रिप्ट, आणि त्याच पायथनमध्ये लिहिलेलं अख्खं संकेतस्थळ हा प्रोग्राम. नाव कामावरून पडतं.

नवशिक्यांना खरा फरक जाणवतो तो चूक कधी कळते यात. पायथन ३ मध्ये चलाचं (व्हेरिएबलचं) नाव देवनागरीत देता येतं. वर 'एकूण' लिहिलं आणि खाली 'एल्स'च्या (अट पुरी न झाल्यास चालणाऱ्या) भागात ऱ्हस्व 'एकुण' झालं, तर प्रोग्राम त्या भागात शिरेपर्यंत तक्रार येत नाही, कधीकधी महिनाभर. सी किंवा जावाचा कंपायलर अशा नावाला सुरुवातीलाच अडवतो. म्हणून पायथन शिकताना 'इफ' आणि 'एल्स' दोन्ही बाजू मुद्दाम चालवून पाहाव्यात.

'स्क्रिप्टिंग म्हणजे ढिली भाषा', म्हणजे आकडा आणि अक्षर यांतला फरक न पाळणारी, हेही लिहू नका. अवतरणातला ५ आणि आकडा ७ यांची बेरीज जावास्क्रिप्ट मुकाट्याने ५७ करते. पायथन तिथेच चूक दाखवून थांबतो. पण पायथनच्या 'इनपुट'मधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेलं घेणाऱ्या आज्ञेतून, येणारं सगळं अक्षररूप असतं. तिथून ५ आणि ७ घेऊन बेरीज केली की पायथनही ५७ देतो, म्हणून दोन्ही आधी 'इंट'मधून (अक्षररूपाचा आकडा करणाऱ्या आज्ञेतून) काढून घ्यायचे.