मदत हवी आहे: दुकानातला खंगलेला एंजल मासा घ्यावा का?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी जुळे सोलापूर भागात राहतो. घरी सुमारे १०० लिटरची टाकी असून तीत मोली, प्लॅटी आणि एक मोठा एंजल आहे, आणि बऱ्याच काळापासून टाकीत कोणताही आजार शिरलेला नाही. एंजलला जोडीदार शोधत असताना नवी पेठेजवळच्या एका दुकानात मला चंदेरी रंगाचा, काळ्या पट्ट्यांचा एक एंजल दिसला. तो घ्यावा की घेऊ नये, हे मला ठरवता येत नाही.

तो कोपऱ्यात पर मिटून स्थिर उभा असतो, त्याचे पोट आत गेलेले आहे आणि डोळ्यांच्या वरचा कपाळाचा भाग खोलगट दिसतो. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, खवले उभे राहिलेले नाहीत आणि तो पृष्ठभागावर येऊन धापाही टाकत नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते असे की, मी सांगितल्यावर दुकानदारांनी खाद्य टाकले तेव्हा तो लगेच पुढे आला, दाणा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. त्याची विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब होती. दुकानदारांच्या मते माल नवा आहे, प्रवासाने दमला आहे. ते अर्ध्या किमतीत देण्यास तयार आहेत. प्रवासात उपाशी राहिलेल्या माशाचीही विष्ठा अशी दिसते, हे मी जाणतो. पण खाण्याची इच्छा असून गिळता न येणे आणि एवढे खंगणे हे आतड्यातील परजीवींचे लक्षण असावे, अशी मला दाट शंका आहे. पाठीचा कणा किंचित वाकडा वाटला, तो माझा भास नसेल तर माशांच्या क्षयाचाही विचार करावा लागेल, कारण त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतात. माझी लहान मुलगी टाकीत हात घालते.

दुकानातल्या त्याच टाकीतला धडधाकट दिसणारा दुसरा एंजल घ्या, असे एका परिचितांनी सुचवले. मला ते पटले नाही. त्या दुकानात सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरते, तेव्हा जे एकाला आहे ते इतरांपर्यंत पोहोचलेलेच असणार. निदान खंगलेला मासा आपली अवस्था लपवत तरी नाही.

घेतलाच तर त्याला किमान चार आठवडे वेगळे ठेवण्याची माझी तयारी आहे. माझ्याकडे ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, हवेचा पंप आणि घरच्या टाकीत आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर आहे. तो टबात हलवला तर त्यातील जिवाणूंमुळे माशाच्या मलातून होणारा विषारी अमोनिया साचणार नाही, असा माझा हिशेब आहे. अडचण पाण्याची आणि उन्हाची आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टबाचे पाणी वरचेवर बदलायचे तर बोअरचे जड पाणी वापरावे लागेल. शिवाय मे महिन्यात वरच्या मजल्यावर पाणी ३१-३२ अंशांपर्यंत तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही अशक्त माशासाठी वेगळीच परीक्षा आहे.

म्हणून विचारतो. दाणा थुंकणारा मासा औषध मिसळलेले खाद्य खाणारच नाही, तर मेट्रोनिडॅझोल हे परजीवींवरचे औषध थेट पाण्यात देऊन कोणाला गुण आला आहे का? कपाळ एवढे खोल गेल्यावर एंजल पुन्हा भरतो का, की ती परतीची वेळ टळलेली असते? बोअरच्या पाण्याने त्याच्यावरचा ताण वाढेल का? आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे: असा मासा दयेपोटी विकत घेतला तर दुकानदारांना आजारी मालही खपतो असेच वाटेल, आणि नाही घेतला तर तो तिथेच मरेल. हा जीव वाचण्याची खरी शक्यता असेल तर मी कष्ट घेईन. पण केवळ त्याचे मरण लांबणार असेल, किंवा मुलीला धोका असेल, तर मला तसे स्पष्ट सांगावे.

दुकानदारांनी तो रविवारपर्यंत राखून ठेवला आहे. त्याआधी पुन्हा जाऊन पाहणार आहे, तेव्हा कण्याखेरीज आणखी नेमके काय तपासून यावे, हेही कृपया सांगावे.