आमदार झालेल्या संपादकाचं नाव प्रिंटलाइनमध्ये राहावं का?

गोव्यातल्या साखळीचा वाचक: तालुक्याच्या साप्ताहिकाचा मालक-संपादक निवडून आला की शेवटच्या पानावरच्या प्रिंटलाइनमधून, म्हणजे मुद्रक-प्रकाशक-संपादकाची नावं छापतात त्या ओळीतून, त्याचं नाव गेलंच पाहिजे. काय छापायचं ते ठरवणारा तो, कायद्याने जबाबदारही तोच. छोट्या पत्राचं पोट भरतं निविदा सूचनांवर आणि चतुर्थीच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर. कंत्राटदार आमदाराला शुभेच्छा देणार, मग त्याच कंत्राटदाराच्या रस्त्यावरचे खड्डे पहिल्या पानावर कोण घेणार?

केपेकर: साफ चूक. आचार्य अत्रे 1957 मध्ये आमदार झाले, आपलं दैनिक ‘मराठा’ चालवतच राहिले. गोव्याच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकातल्या सदराने नाव झालेले उदय भेंब्रे 1984 मध्ये मडगावातून अपक्ष निवडून आले आणि 1985 मध्ये त्यांनी कोकणीला राजभाषा करण्याचं खासगी विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं, पण 1987 मध्ये राजभाषा कायदा झालाच. लेखणीचा उपयोग सभागृहात होतो तो असा. तारांकित प्रश्नात, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नात, नवखा आमदार विचारतो, ‘रस्ता कधी होणार?’ उत्तर येतं, ‘लवकरच.’ बातमीदारीत मुरलेला विचारतो: कार्यादेशाची तारीख कोणती, मुदत किती, आजवर बिलं कितीची दिली, उशिराचा दंड लावला का? मग मंत्र्याला तारीख आणि आकडा द्यावाच लागतो. वर त्या उत्तरावरचे पुरवणी प्रश्न आहेतच.

साखळीचा वाचक: केपेकरबाब, प्रश्न विचारायला प्रिंटलाइन लागत नाही. ‘मराठा’ हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं पत्र, वाचकाला ते ठाऊक होतं. तालुक्याचं पत्र लोक तटस्थ समजून घेतात.

फोंड्याहून: निवडणुकीचा महिना दोघांनीही सोडलात. उमेदवाराने स्वतःच्या पत्रात प्रचार छापला, तर एक पैसाही दिला नसला तरी पत्राच्या जाहिरात-दरपत्रकाप्रमाणे रक्कम त्याच्या खर्चात धरावी लागते. गोव्यात विधानसभेसाठी मर्यादा 28 लाखांची, हिशेब निकालापासून 30 दिवसांत. पानभर मुलाखत ‘बातमी’ म्हणून हिशेबातून वगळली की तक्रारीला जागा मिळते.

दुसरा धोका निवडून आल्यावरचा. सभागृहातल्या बोलण्याला राज्यघटनेच्या कलम 194 चं संरक्षण आहे. तेच आरोप अग्रलेखात स्वतःचे म्हणून लिहिले, तर अब्रुनुकसानीचा खटला उभा राहू शकतो. कलम 361अ कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला सांभाळतं, वर घातलेल्या मसाल्याला नाही.

केपेकर: अग्रलेखाचा मुद्दा पटला. तो सहसंपादकाने लिहावा, आणि मतदारसंघातल्या कंत्राटदारांच्या जाहिराती पाच वर्षं घेऊ नयेत. नाव मात्र राहावं. ते काढलं तरी मालकी त्याचीच उरते, आणि वाचकाला ते दिसत नाही.

साखळीचा वाचक: जाहिराती खरंच बंद ठेवल्या, तर नाव काढण्याचा हट्ट मी सोडतो.