भाड्यातून हप्ता निघतो का?

कुणीतरी सल्ला देतंच, 'पुण्यात वाकडला टू बीएचके घे, भाड्यातूनच हप्ता सुटेल.' जरा आकडे मांडू. समजा घर ७० लाखांचं, त्यात कर्ज ५० लाख, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता बसतो ४३ हजारांच्या पुढे. भाडं धरा २२ हजार. म्हणजे जवळजवळ अर्धा हप्ता पगारातूनच! त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि घर रिकामं राहिलं ते महिने वजा करा. माझं एकदा भर पावसाळ्यात दोन महिने रिकामं होतं. वर रंगकाम आणि गिझर. उरलं ते घराच्या किमतीच्या अडीच टक्केही नव्हतं.

तरी घ्यायचंच असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूशी होतो तो) नोंदवूनच करा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे, नोटरीवर भागत नाही. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जादा आकार लावेल, पण तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या सेक्रेटरींना शासननिर्णयाची प्रत दाखवली तेव्हा कुठे बिल खाली आलं.

आणि हो, सहा हप्ते बाजूला असल्याशिवाय टोकन (घर बुक करायची आगाऊ रक्कम) देऊ नका. एजंट 'आज संध्याकाळपर्यंतच' म्हणतोच.