मदत हवी आहे: आईसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश कोणता घ्यावा?

आई ७२ वर्षांची, संधिवातामुळे बोटं नीट वळत नाहीत. साधा ब्रश मुठीत धरून आडवा घासते, दाढांच्या मागे तो पोचतच नाही. परवा टॉर्च लावून बघितलं तर खालच्या पुढच्या दातांना आतून पिवळं कीटण, हिरड्या लालभडक. चूळ भरली की बेसिनमध्ये रक्त दिसतं. फार वाईट वाटलं. कीटण ब्रशने निघत नाही, ते डेंटिस्टकडून काढून घेणारच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात वाचलं की इलेक्ट्रिक ब्रश तीन महिन्यांहून जास्त वापरल्यावर साध्या ब्रशपेक्षा प्लाक (दातांवरचा चिकट थर) २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. शिवाय हात हलवावा लागत नाही, ब्रश फक्त दातांवर टेकवून पुढे सरकवायचा. आईसाठी हेच मोठं.

गोल फिरणाऱ्या डोक्याचा घ्यावा की सॉनिक (वेगाने थरथरणारा)? जाड मुठीचा, एकाच बटणाचा, जास्त दाबला तर इशारा देणारा कोणी घरातल्या वयस्कर माणसासाठी वापरलाय का? दर तीन महिन्यांनी डोकं बदलावं लागतं, ती तालुक्याच्या गावी मिळतात का? आईला एक ब्रिजही (शेजारच्या दातांवर बसवलेला कायमचा कृत्रिम दात) आहे, त्याला काही त्रास?

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.