पाणलोटाची रेघ रेल्वेपाशी का चुकते
नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगरातून खाडीकडे उतरणाऱ्या ओढ्याचं पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी त्या ओढ्यात येतं तो भाग, नकाशावर कसा आखायचा, हा प्रश्न. डोंगरावर सोपं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. ओढ्यावरचा खालचा बिंदू धरा आणि प्रत्येक रेषा काटकोनात कापत धारेने (डोंगराच्या कण्याने) वर चढा, ही पाणलोटाची रेघ. रेषेचं टोक चढाकडे वळलं की घळ, उताराकडे वळलं की धार. आपली रेघ मध्येच ओढा ओलांडत असेल तर खोडा.

खरी गोची पायथ्याला. ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेचा भराव आला की समोच्च रेषांचा उपयोग संपतो, पाण्याची वाट मोऱ्या (भरावाखालून पाणी जायचे मार्ग) ठरवतात. त्या चालत जाऊनच बघाव्यात, उपग्रहचित्रावर विसंबू नका. दोन ओहोळ एकाच मोरीत वळवलेले असले तर पाणलोटच बदललं!

किती पाणी येईल याच्या अंदाजासाठी: १ चौ. किमी पाणलोट, ताशी ५० मिमी पाऊस, ६० टक्के वाहून गेला तर सेकंदाला सुमारे ८.३ घनमीटर. खाणीने उघडा पडलेला कातळ असेल तर ८० टक्के धरा, म्हणजे ११. त्यात भरती असली की खाडीकाठच्या धारण तलावाची (पावसाचं पाणी थोपवून ठेवणाऱ्या तळ्याची) खाडीकडची झडपदारं मिटतात आणि गाळाने उथळ झालेल्या तळ्यात हे पाणी मावत नाही.