शब्दचर्चा: 'फिल्टर'ला गाळणे म्हणावं की वेचणे?

प्रश्न: संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी 'आर' या संगणकभाषेची मराठी टिपणं लिहितोय. डीप्लायर या तिच्या सारण्या हाताळायच्या आज्ञासंचामधल्या फिल्टर, ग्रुप बाय आणि समराइज या तीन क्रियांसाठी 'गाळणे', 'वर्ग करणे' आणि 'सारांश' हे शब्द योजलेत. चालतील का?

उत्तर: आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात, पण समजावून सांगायला मराठी हवंच. तुमच्या तिन्ही शब्दांबद्दल मात्र मला शंका आहे.

'गाळणे' सगळ्यात घोळाचा. यादीतून नाव गाळलं म्हणजे ते गेलं. फिल्टरमध्ये मात्र अट लिहायची ती ठेवायच्या ओळींची. 'स्त्रिया गाळा' असं वाचून मुलं स्त्रियांच्या ओळी काढून टाकतील, आणि आज्ञा नेमक्या त्याच ओळी राखेल. 'निवडणे' बरा वाटतो, पण तांदूळ निवडताना आपण खडे काढतो; शिवाय स्तंभ निवडायला सिलेक्ट ही वेगळी क्रिया आहे, तिच्यासाठी तो शब्द राखून ठेवलेला बरा. मी 'ओळी वेचणे' म्हणेन. कापूस वेचला की कापूसच हातात येतो, तिथे उलटा अर्थ निघत नाही.

'वर्ग' तर संख्याशास्त्रात आधीच दोन ठिकाणी अडकलाय. 'वर्गांची बेरीज' म्हटलं की कुणीही आधी संख्यांचे वर्ग करून बेरीज घेईल. आणि शाळेतली वर्गीकृत वारंवारता सारणी म्हणजे ०–१०, १०–२० असे वर्ग. ग्रुप बायचं काम ते नव्हे. 'गट पाडणे' आणि 'गटवार बेरीज' इतकं साधं ठेवा. समराइजला 'गोषवारा' घ्या. हिशेबाच्या कागदांत तो रुळलेला आहे, आणि त्यात रकमा गोळा करून थोडक्यात मांडणं येतंच. 'सारांश' ऐकला की धडा आठवतो.

प्रश्न: 'वेचणे' आवडला. पण वेचून मग बेरीज करायची, की बेरीज करून मग वेचायचं? मुलं इथेच अडतात.

उत्तर: खरी मेख तीच आहे, आणि ती शब्दांतूनच सोडवता येईल. एसक्यूएल या माहितीसाठ्यांच्या भाषेत याला दोन शब्द आहेत: ओळींसाठी व्हेअर, गटांसाठी हॅविंग. डीप्लायरमध्ये दोन्हीकडे फिल्टरच, त्यामुळे ती कुठे लिहिली यावर सगळा अर्थ ठरतो. टिपणांत कायम 'ओळी वेचणे' आणि 'गट वेचणे' असं पूर्ण लिहा.

उदाहरणाला आरमध्येच मिळणारी टायटॅनिकची सारणी घ्या. २,२०१ माणसं, वर्ग, लिंग, वय आणि वाचले की नाही, यांवरून ती डेटाफ्रेम (ओळी-स्तंभांची साधी सारणी) केली की ३२ ओळी होतात. प्रत्येक ओळीत माणसांची संख्या. (इथला 'वर्ग' प्रवासाचा. बघा, तिसरा अर्थ!)

आधी ओळी वेचा, संख्या ५०० पेक्षा जास्त अशी अट घालून. एकच ओळ उरते: बुडालेले प्रौढ पुरुष कर्मचारी, ६७०. आता गटवार बेरीज केली तरी हातात कर्मचारी ६७० एवढंच.

आता क्रम बदला. आधी प्रवासाच्या वर्गाप्रमाणे गट पाडून बेरीज: पहिला ३२५, दुसरा २८५, तिसरा ७०६, कर्मचारी ८८५. मग तीच ५०० ची अट लावून गट वेचा. तिसरा वर्ग आणि कर्मचारी, दोन्ही उरतात, पूर्ण बेरजेसह. तिसऱ्या वर्गाची कुठलीच एक ओळ ५०० च्या वर नाही (सर्वांत मोठी ३८७), म्हणून पहिल्या रीतीत तो अख्खा नाहीसा झाला होता. त्रुटीचा संदेश कुठेच येत नाही, म्हणून हे मुलांकडून हाताने करून घ्यायलाच हवं.

तिसरी रीतही दाखवा. गट पाडायचे, गोषवारा काढायचा नाही, आणि फिल्टरच्या अटीतच संख्यांची बेरीज ५०० च्या वर असं लिहायचं. त्याच दोन गटांच्या मूळ ओळी जशाच्या तशा मिळतात, आठ अधिक आठ, सोळा. मोठ्या गटांचा तपशील हवा असेल तेव्हा हीच रीत कामाची.

प्रश्न: आणि गट दोन स्तंभांवर पाडले तर?

उत्तर: समराइज एरवी शेवटचा स्तंभ गटातून सोडतं, पहिला तसाच राहतो. वर्ग आणि लिंग घेतले असतील तर गोषवाऱ्यानंतरही वर्गाचे गट कायम असतात, आणि पुढची बेरीज किंवा टक्केवारी त्या गटांतच निघते. एकूण माणसांपैकी टक्के हवे असतील तर आधी अनग्रुप करा. त्याला 'गट मोडणे' म्हणा, मुलांना लगेच कळेल.