बॉल पडायच्या आधीच लाल कार्ड, आणि दुसऱ्या पिवळ्याचा घोळ

लीकाठचा
आधीच सांगून टाकतो. कॉर्कमध्ये राहून १४ वर्षं झाली, घरात लाल जर्सी आहे, तेव्हा माझ्याकडून रामशास्त्री बाण्याची अपेक्षा ठेवू नका.

ज्यांनी हर्लिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयर्लंडचा खेळ, १५ विरुद्ध १५, हातात ॲश लाकडाची पुढे चपटी होत जाणारी काठी (हर्ली), चामड्याचा छोटा बॉल (स्लिटर), मोठे सामने ७० मिनिटांचे. गोलच्या दोन खांबांमधल्या आडव्या दांड्यावरून मारला तर १ पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३. फलकावर ३-२७ दिसलं की ३ गोल आणि २७ पॉइंट, एकूण ३६. खेळाडूंना मानधन नाही. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला ८२ हजार लोकांसमोर खेळलेला मुलगा सोमवारी आपापल्या कामावर हजर.

आता मुद्दा. २७ एप्रिल २०२५, कॉर्क विरुद्ध टिपरेरी, म्हणजे दोन काउंटींचे (जिल्ह्यांचे) संघ, आमच्या पार्क ई कीव मैदानावर. मी थर्मासचं झाकण उघडत होतो. वर बघतो तर पंचाच्या हातात लाल कार्ड. पंचाने बॉल अजून टाकलेलाही नव्हता! टिपरेरीच्या डॅरा मॅकार्थीने आमच्या शॉन ओ'डोनाहूला काठी मारली होती. मुलगा १९ वर्षांचा. टिपरेरी अख्खा सामना १४ जणांनिशी खेळली आणि १५ पॉइंटांनी हरली. कार्ड बरोबरच होतं. बॉल खेळात नसला तरी काठी ती काठीच.

मग आली २० जुलैची ऑल-आयर्लंड, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची फायनल, तेच दोन संघ. मध्यंतराला आम्ही ६ ने पुढे, १-१६ विरुद्ध ०-१३. दुसऱ्या अर्धात ओवेन डाउनीने गोलसमोर जॉन मॅकग्राला ओढून पाडलं. पेनल्टी, शिवाय डाउनीला दुसरं पिवळं, म्हणजे लाल, म्हणजे घरी. पेनल्टी घेतली कोणी? त्याच डॅरा मॅकार्थीने. गोल. शेवट ३-२७ विरुद्ध १-१८. परत १५ चाच फरक, फक्त उलटा.

माझं म्हणणं एवढंच: काठी मारणाऱ्याला आणि जर्सी ओढणाऱ्याला एकाच दारातून बाहेर काढू नका. सरळ लाल असेल तर जा घरी, पुढचा सामनाही बाहेर बस. पण दुसऱ्या पिवळ्याला १० मिनिटं बाहेर बसवा आणि परत घ्या. पेनल्टी देऊन झाल्यावर उरलेला सगळा सामना १४ जणांनी खेळायचा, ही एका गुन्ह्याला दोन शिक्षा झाली.

थर्लसची_वहिनी
भाऊजी, एप्रिलमध्ये आमचं पोर बाहेर गेलं तेव्हा हा दहा मिनिटांचा प्रस्ताव कुठे होता हो? 😄

बरं, तो सरळ लाल होता, सोडा. पण सेमीफायनल आठवा. किलकेनीविरुद्ध त्याच डॅराला दुसरं पिवळं मिळालं. आम्ही १४ जण, समोर किलकेनी. आणि जिंकलो, ४-२० विरुद्ध ०-३०, दोन पॉइंटांनी. त्या सामन्यात फलकावर किलकेनीच्या नावावर एक पॉइंट चुकून जास्त लागला होता. त्या गोंधळावर आठवडाभर चर्चा झाली, पण त्या पिवळ्यासाठी कोणी गळा काढल्याचं मला तरी आठवत नाही. दोन पिवळ्यांच्या लालला पुढच्या सामन्याची बंदी नसते, म्हणून तर तो फायनलला उतरला आणि १-१३ करून गेला. म्हणजे तुम्हाला हवा तो फरक नियमात आधीपासून आहे. काठी मारली की पुढचा सामना जातो, दोन पिवळी झाली की फक्त हाच जातो.

आणि फायनल कार्डाने गेली म्हणता? दुसऱ्या अर्धात कॉर्कचे पॉइंट किती झाले ते तुम्हीच लिहा.

लीकाठचा
दोन. ३५ मिनिटांत दोन. वहिनी, जखमेवर मीठ तरी बेताने चोळा. कार्डामुळे हरलो असं मी म्हटलेलंच नाही. नंतर आम्हालाही पेनल्टी मिळाली होती, ती तुमच्या ऱ्हीस शेलीने अडवली आणि वर त्या गोलकीपरने स्वतः एक पॉइंटही मारला. त्यावर काय बोलणार.

नाक्यावरचा
विटीदांडूची फायनल आहे का ही? 😀 जोक अपार्ट, थर्ड अंपायर का नाही ठेवत? आपल्याकडे साधा रनआउट असला तरी हातवारे करून वरती विचारतात.

बाणेरकर_डब्लिन
माझाही हाच प्रश्न, आणि ११ वर्षांत पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. क्रोक पार्कला २०१३ पासून हॉक-आय आहे, पण ते फक्त बॉल खांबांच्या आतून गेला की बाहेरून एवढंच सांगतं. २०१४ च्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी टिपरेरीच्या जॉन ओ'ड्वायरचा लांबचा फटका त्याने बाहेर ठरवला, सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळावा लागला. तेव्हा मशीन चालतं! मग माणसाला बाहेर काढण्यासारख्या मोठ्या निर्णयाला का नको?

२०२४ ची फायनल घ्या. क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४, जादा वेळेनंतर एका पॉइंटचा फरक. अगदी शेवटच्या फटक्याच्या वेळी कॉर्कच्या रॉबी ओ'फ्लिनची जर्सी मागून खेचलेली, कापड ताणलेलं फोटोत स्वच्छ दिसतंय. शिट्टी वाजली नाही. घराघरात टीव्हीवर ते दहा वेळा पाहिलं गेलं, फक्त ज्याने ठरवायचं त्या एका माणसालाच दुसऱ्यांदा पाहायची सोय नव्हती.

लीकाठचे साहेब, तुमची खरी तक्रार ही असायला हवी होती. दहा मिनिटं की पूर्ण सामना हा हिशेब नंतरचा.

पंच_निवृत्त_मिरज
मी हर्लिंग मैदानावर पाहिलेलं नाही, मुलाकडे लिमरिकला गेलो होतो तेव्हा टीव्हीवर चार-पाच सामने पाहिले. पण कबड्डीत २६ वर्षं शिट्टी वाजवली आहे, त्या हक्काने बोलतो.

कार्ड आमच्याकडेही आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळ्याला दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे गेला. त्यामुळे ठरावीक वेळ बाहेर बसवणं हा नियम वाईट नाही, हे अनुभवाने सांगतो. पण कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. तिथे पंच खेळाडूच्या घामाचा वास येईल इतका जवळ असतो. हे आयरिश मैदान १४० मीटरच्या आसपास, बॉल या टोकाहून त्या टोकाला डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि मुख्य पंच एकच. तो धावत पोचेपर्यंत तीन काठ्या आपटून झालेल्या असतात. त्याने जे पाहिलं त्यावरच तो देणार.

आता व्हिडिओ. एकदा पंचाच्या मागे पडदा लावला की पंच पडद्याकडे बघायला शिकतो. मग शिट्टी ओठांवर असूनही वाजत नाही, 'वरून सांगतील' म्हणून. बाणेरकर, तुम्ही जर्सी ओढलेली दाखवलीत. त्याच सामन्यात अशा चाळीस ओढाओढी असतील. पडदा कोणकोणत्या वेळी लावायचा, हे ठरवणार कोण?

बाणेरकर_डब्लिन
काका, मान्य, प्रत्येक ओढाओढीला नको. लाल कार्ड आणि पेनल्टी, या दोनच वेळी. सामन्यात दोन-तीनदा येईल फार तर.

पंचाचा शब्द अंतिम, हेही तितकं खरं नाही. १९९८ साली क्लेअर-ऑफली सेमीफायनलच्या रीप्लेमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या सामन्यात, पंच जिमी कूनी यांनी दोन मिनिटं आधीच शेवटची शिट्टी फुंकली. क्लेअर तीन पॉइंटांनी पुढे होतं. ऑफलीचे लोक क्रोक पार्कच्या गवतावर बसून राहिले, उठायलाच तयार नाहीत! सामना पुन्हा खेळवला, ऑफली जिंकली आणि त्याच वर्षी ऑल-आयर्लंडही घेऊन गेली. आणि २०१३ मध्ये मन्स्टर प्रांताच्या फायनलला कॉर्कच्या पॅट्रिक होर्गनला सरळ लाल मिळालं, ते नंतर सुनावणीत रद्द झालं. पण सामना गेला तो गेलाच. कागदावर न्याय मिळून त्याचं काय लोणचं घालायचं?

नोअरकाठ
किलकेनीतून लिहितोय. इथे १८ ऑगस्ट २०१९ हा विषय काढला की अजूनही चहाचे कप खाली ठेवले जातात.

टिपरेरीविरुद्ध फायनल, पावसात. मध्यंतर व्हायला दोन मिनिटं असताना रिची होगनने काहल बॅरेटला धडक दिली. कोपर उंच, डोक्याच्या भागात. पंच जेम्स ओवेन्स, सरळ लाल. मध्यंतराला आम्ही फक्त एका पॉइंटने मागे होतो, १-९ विरुद्ध ०-११. शेवट ३-२५ विरुद्ध ०-२०. चौदाने हरलो. दुसरा अर्ध सुरू झाल्या झाल्याच दोन गोल खाल्ले.

नियमाप्रमाणे लाल बसतं, नाही म्हणत नाही. पण ओले हात, ओली काठी, दोघंही पूर्ण वेगात, आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. अशा दिवशी पंचाने पिवळं दाखवून दोघांना समज दिली असती तर ८२ हजार लोकांना सामना बघायला मिळाला असता. हर्लिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे, 'खेळू द्या'.

थर्लसची_वहिनी
आणि बॅरेटचं डोकं? ते मोठा दिवस आहे म्हणून जरा जास्त टणक होतं का?

पंच_निवृत्त_मिरज
वहिनींशी सहमत. फायनल आहे म्हणून पंचाने शिट्टी गिळली की पुढच्या वर्षी गावच्या मैदानावर पोरं तेच करतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

नोअरकाठ
काका, मग एकसारखं तरी असू द्या! २०१७ घ्या. वॉटरफर्डच्या टायग द बुर्काने क्वार्टरफायनलला वेक्सफर्डच्या खेळाडूचं हेल्मेट ओढलं. नियमाने लाल. तो एकेक पायरी चढत अपील करत गेला, सगळीकडे नकार, सेमीफायनल हुकली. त्याच सेमीफायनलमध्ये त्याच्याच संघातल्या ऑस्टिन ग्लीसनचा हात कॉर्कच्या ल्यूक मीडच्या हेल्मेटच्या जाळीत गेला. कार्ड नाही, नंतरही कारवाई नाही. तो फायनल खेळला. तिसरा, कॉनर ग्लीसन, याच सामन्यात होर्गनबरोबर लाल खाऊन फायनलला मुकला. एकाच संघाचे तिघे, आणि तिघांना तीन न्याय. २०१० पासून हेल्मेट सक्तीचं आहे ते डोकं वाचावं म्हणून, ओढायला हँडल मिळावं म्हणून नव्हे. तिथे कडक व्हा की! आणि माझ्या रिचीला मात्र ओल्या गवतावर...

लीकाठचा
नोअरकाठ, तुम्ही आधी 'खेळू द्या' म्हणालात आणि आता 'एकसारखं असू द्या'. दोन्ही एकदम नाही जमायचं. 'खेळू द्या' म्हणजेच प्रत्येक पंचाने आपल्या मनाने ठरवायचं.

माझ्या दहा मिनिटांवर येतो. हे काही मी शोधून काढलेलं नाही. २०२१ पासून नियम आहे: गोलची सरळ संधी मुद्दाम हाणून पाडली तर पेनल्टी, आणि पाडणारा १० मिनिटं बाहेर. त्याच वर्षी क्लेअरच्या एडन मॅकार्थीने टिपरेरीच्या जेक मॉरिसला अडवलं, तेही पार बाजूच्या रेषेकडे. तिथून गोल व्हायची शक्यता किती होती देव जाणे, पण पेनल्टी दिली, मॅकार्थी दहा मिनिटं बाहेर. त्यावर गदारोळ झाला. पण तो परत तर आला! मुद्दाम संधी हाणून पाडणारा परत येतो आणि दोन छोट्या चुका करणारा येत नाही, हे गणित मला अजून सुटत नाही.

थर्लसची_वहिनी
सुटेल. पिवळं हातात असताना माणूस सांभाळून खेळतो, तीच त्याची किंमत. दुसऱ्याला दहाच मिनिटं केलीत तर शेवटच्या नऊ मिनिटांत प्रत्येक बचावपटू बिनधास्त ओढेल, कारण तसाही सामना संपणारच आहे. एडन मॅकार्थीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं, भाऊजी. गदारोळ झाला तो पंचाला तिथे संधी *ओळखायला* लावली म्हणून. दोन पिवळी मोजायला डोकं लागत नाही, बोटं पुरतात.

लीकाठचा
शेवटच्या नऊ मिनिटांचं मनात आलं नव्हतं. उरलेली मिनिटं पुढच्या सामन्यात वसूल करा, असं म्हणावं तर अजून घोळ. बरं, हा मुद्दा तुमचा.

पण एक सांगतो, पंच काकांसाठी खास. गेल्या शनिवारी मुलाच्या १२ वर्षांखालच्या सामन्याला गोलपंच कमी होता. मला पांढरा कोट घालून खांबाजवळ उभं केलं, हातात दोन झेंडे, गोलला हिरवा, पॉइंटला पांढरा. कोट इतका मोठा की बाह्या दुमडून घ्याव्या लागल्या. पंच म्हणून कॉलेजातला एक पोरगा, सतराएक वर्षांचा. एक बॉल खांबाच्या वरून गेला, आतून की बाहेरून, मला खरंच कळलं नाही. समोरच्या खांबापाशी उभे आजोबा डोळे बारीक करून माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी मी पांढरा झेंडा उचलला. मागून एक बाप ओरडला, "अरे तुझा मुलगा त्याच संघात आहे!" आणि तो होता.

नाक्यावरचा
मग आत होता की बाहेर?

लीकाठचा
मुलगा म्हणतो बाहेर.